वाचकांचे प्रश्न : थोडक्यात हुकलेल्या सीनिअर धावपटूंचा गौरव कसा करावा?

नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलांचा क्रॉस कंट्रीचा, म्हणजे मोकळ्या मैदानावरच्या लांब शर्यतींचा हंगाम संपत येतो आणि बँक्वेटची, म्हणजे हंगामअखेरच्या गौरव-भोजनाची तयारी सुरू होते. यंदा पालकांकडून आलेल्या बहुतेक पत्रांत बारावीतल्या, म्हणजे सीनिअर मुलामुलींची काळजी आहे. कुणाचं स्टेट, म्हणजे राज्याची अंतिम स्पर्धा, एका क्रमांकाने हुकलं, कुणाच्या टीमचं अजिंक्यपद एका गुणाने. त्यातल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : माझी मुलगी रीजनलमध्ये, म्हणजे स्टेटच्या आधीच्या निवड शर्यतीत, अशा क्रमांकावर आली की तिच्या पुढची मुलगी स्टेटला गेली आणि ही राहिली. बँक्वेटमध्ये पालक तिला खास फलक देणार आहेत. त्यावर 'स्टेटपासून एक पाऊल' असं कोरायचं घाटतंय. मला ते खटकतं. काय सुचवू?

तुम्हाला खटकतं ते बरोबरच आहे. भाषण दोन मिनिटांत विरून जातं, कोरलेली अक्षरं मात्र वर्षानुवर्षं भिंतीवर राहतात. जे झालं नाही ते कोरलं, तर येणारा प्रत्येक पाहुणा त्याबद्दलच विचारणार. फलकावर ती जे धावली तेवढंच असू द्या : नाव, व्हर्सिटीची (शाळेच्या मुख्य टीममधली) वर्षं, टीममधलं स्थान, शर्यतीचं नाव, अंतर आणि क्रमांक. 'व्हर्सिटी, चार वर्षं. सीनिअर हंगामात टीमची पहिली धावपटू. रीजनल, 5 किलोमीटर, एकूण 16वी.' फलकाला इतकं पुरतं.

आकडे कोरण्याआधी तपासून घ्या, कारण चुका नेमक्या इथेच होतात. अ‍ॅथलेटिक डॉट नेट किंवा माइलस्प्लिट या संकेतस्थळांवरचे निकाल सोयीचे असले, तरी ते आयोजकांच्या अधिकृत निकालपत्राशी ताडून पाहा. एकाच शर्यतीत एकाच मुलीचे दोन क्रमांक असू शकतात. पूर्ण टीम नसलेल्या शाळांचे धावपटू सांघिक गुण मोजताना वगळले जातात, त्यामुळे एकूण 16वी आलेली मुलगी सांघिक यादीत 12वी दिसू शकते. फलकावर एकूण क्रमांकच घाला.

वेळेची तुलना करायची असेल तर ती त्याच कोर्सवरच्या दोन वर्षांची करा. चढ, चिखल आणि गवताची उंची यांमुळे एका मैदानावरची वेळ दुसरीकडे लावता येत नाही. शिवाय बहुतेक राज्यांत शर्यत 5 किलोमीटरची असते, तर इलिनॉयमध्ये 3 मैलांची. फरक जेमतेम पावणेदोनशे मीटरचा आहे, पण वेळेत अर्ध्या मिनिटाहून जास्त पडतो.

बोलायचा मजकूर 75 शब्दांच्या आसपास ठेवा. अर्ध्या मिनिटात वाचून होतो आणि 12 सीनिअर असले तरी कार्यक्रम लांबत नाही. त्यात एक शर्यत आणि एक सवय यावी. 'खूप मेहनती' हे सगळ्यांनाच लागू पडतं. 'दुसऱ्या मैलाच्या चढावर तिने चार जणींना मागे टाकलं' हे तिचं एकटीचं आहे. आधी तिलाच विचारा : कोणती शर्यत सांगू, आणि काय सांगू नको? हुकलेल्या क्रमांकाबद्दल बोलायचं की नाही हे तिला ठरवू द्या. रक्तातलं लोह कमी होतं, नडगीच्या हाडाला चीर गेली होती, असली वैद्यकीय माहिती तिच्या आणि तुमच्या संमतीशिवाय माइकवर येता कामा नये, कितीही कौतुकाने सांगितली तरी.

प्रश्न : आमच्या मुलांची टीम एका गुणाने दुसरी आली. पाचव्या मुलामुळे गेलं, असं कुजबुजलं जातंय. तोही सीनिअर आहे. बँक्वेटमध्ये हे कसं सावरावं?

बँक्वेटची वाट पाहू नका. कुजबुज थांबवायला आधी हिशोब मांडा. सात धावतात, पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि कमी बेरीज जिंकते. सहाव्या-सातव्याचे क्रमांक बेरजेत येत नाहीत, पण ते समोरच्या टीमच्या धावपटूंना मागे ढकलू शकतात. बरोबरी झाली तर सहाव्या धावपटूचा क्रमांक पाहिला जातो.

आता एक मांडलेलं उदाहरण. तुमच्या टीमचे क्रमांक 4, 9, 17, 28, 41 : बेरीज 99. समोरच्यांचे 6, 11, 15, 22, 44 : बेरीज 98. तुमचा सहावा 45वा, त्यांचा सहावा 52वा. तुमच्या पाचव्याने 40व्या क्रमांकावरच्या तिसऱ्याच शाळेच्या मुलाला गाठलं असतं तर 98-98 अशी बरोबरी होऊन सहाव्याच्या जोरावर तुम्ही जिंकला असता. इथपर्यंत कुजबुज खरी वाटते. पण चौथ्याने 27वा क्रमांक घेतला असता तरी तेच झालं असतं, आणि दुसऱ्याने 8वा घेतला असता तरीही. एवढंच काय, सहाव्याने फक्त 44व्या क्रमांकावरच्या त्यांच्या पाचव्या मुलाला मागे टाकलं असतं, तर तुमची बेरीज 99च राहिली असती, पण त्यांचीही 99 झाली असती आणि अजिंक्यपद तुमचं होतं. एक गुण सहा ठिकाणी सापडतो. तो एकाच मुलाच्या माथी मारणं हे गणितानेच चूक आहे.

तुमच्या शर्यतीचे खरे आकडे घेऊन कोचने हे सातही मुलांना एकत्र बसवून फळ्यावर दाखवावं. पालकांसमोर नको, मुलांपुरतंच. पहिल्या आणि पाचव्या धावपटूच्या वेळेतलं अंतरही सोबत लिहावं. ते अंतर पाचव्यानेच कमी ठेवलेलं असतं, आणि ते कमी राहिलं नसतं तर टीम दुसरीही आली नसती.

गौरव करताना सातही जणांना एकाच आकाराचं, एकाच मजकुराचं सन्मानचिन्ह द्या, नावं धावण्याच्या क्रमाने नव्हे तर आडनावांच्या वर्णानुक्रमाने वाचा. पाचव्यासाठी वेगळं 'धीराचं' बक्षीस काढू नका. त्यातून कुजबुजीवर शिक्कामोर्तबच होतं.

प्रश्न : माझा मुलगा टीममधला आठवा धावपटू. स्टेटला टीमबरोबर गेला, वॉर्म-अपही केला, पण धावला नाही. सीनिअर्सच्या सन्मानात त्याचं नाव घेणार की नाही, कुणी स्पष्ट बोलत नाही.

घ्यायलाच हवं, फक्त नेमक्या शब्दांत. राखीव खेळाडू म्हणून यादीत असणं हे अधिकृत स्थान आहे : सकाळी कुणी आजारी पडलं तर त्याला धावावं लागलं असतं, म्हणून तो पूर्ण तयारीनिशी उभा होता. 'स्टेट टीमचा राखीव धावपटू' असंच लिहा. 'स्टेट धावपटू' लिहू नका. खोटं मोठेपण मुलांना लगेच कळतं आणि झोंबतं. त्याची त्या हंगामातली सर्वांत चांगली शर्यत बहुधा जेव्हीची, म्हणजे दुसऱ्या फळीच्या टीमची असेल. ती खुशाल वाचा.

प्रश्न : बूस्टर क्लबतर्फे (टीमसाठी निधी जमवणारा पालकांचा क्लब) हुकलेल्या तीन सीनिअर्सना प्रत्येकी 200 डॉलरचं गिफ्ट कार्ड द्यायचा विचार आहे. हरकत आहे का?

आहे, आणि एक नाही तर तीन. पहिली हौशी खेळाडूच्या दर्जाची. प्रत्येक राज्याची हायस्कूल क्रीडा संघटना बक्षिसाच्या किमतीची आणि स्वरूपाची मर्यादा स्वतः ठरवते. रोख रक्कम आणि रोखीसारखं वापरता येणारं कार्ड यांत सर्वांत जास्त धोका. या मुलांचा वसंतातला ट्रॅकचा हंगाम अजून बाकी आहे, 1600 आणि 3200 मीटर धावायचं आहे. चुकीच्या बक्षिसाने पात्रता गेली तर सन्मानाऐवजी शिक्षा पदरात पडेल. काहीही विकत घेण्याआधी शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरना ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या.

दुसरी हरकत क्लबच्या करमुक्त दर्जाची. 501(सी)(3) या करमुक्त संस्थांच्या कलमाखाली नोंदलेल्या क्लबचा पैसा ठराविक कुटुंबांच्या फायद्यासाठी वळवता येत नाही. ज्यांच्या पालकांनी जास्त निधी जमवला त्यांच्या मुलांना मोठी भेट, हे तर मुळीच चालत नाही. सगळ्या सीनिअर्सना एका निकषाने, सारख्याच किमतीचं सन्मानचिन्ह दिलं तर हा प्रश्न उरत नाही.

तिसरी टायटल नाइनची. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या 1972च्या या कायद्याखाली मुलं आणि मुली यांच्या टीमना मिळणाऱ्या सोयींत समतोल हवा. पैसा क्लबचा असला तरी समतोलाची जबाबदारी शाळेवरच येते. मुलांना जॅकेट आणि मुलींना गुलाबाचं फूल, असं करू नका.

प्रश्न : मुलीचा बिब (छातीवरचा शर्यतीचा क्रमांक), स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) आणि फोटो एका खोल फ्रेममध्ये बसवायचा आहे. काय काळजी घ्यावी?

बिब न फाटणाऱ्या कृत्रिम कागदाचा असतो, त्यावर इस्त्री फिरवली तर तो आकसतो. दोन दिवस जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. मागे चिकटवलेली टायमिंगची (वेळ नोंदवणारी) पट्टी एकदाच वापरायची असेल तर तशीच राहू द्या, ओढून काढताना छपाई निघते. गोंद नको : बिबला सेफ्टी पिनांची चार भोकं आहेतच, त्यांतूनच तो फ्रेमच्या पाठीवर टाचा.

चिखलाचे बूट धुऊ नका. सावलीत पूर्ण वाळवा, मग मऊ ब्रशने झटका. तळाचा थोडा चिखल राहिला तर उलट छान दिसतो. आत ओल राहिली तर बंद पेटीत बुरशी धरते आणि समोरची काच आतून धुरकट होते.  बिब आणि मेडलला दीड ते दोन इंच खोली पुरते, बुटासाठी चार-पाच इंच लागते. बूट एकच ठेवा, जोडीने फ्रेम जड होते आणि भिंतीवरचा खिळा निसटतो. काचेपेक्षा अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक बरं, आणि उन्हाची भिंत टाळा.

5 बाय 7 इंचाचा फोटो 300 डीपीआयला छापायचा तर 1500 बाय 2100 पिक्सेलची फाइल हवी. फोनवरचा स्क्रीनशॉट चालत नाही, छायाचित्रकाराकडून छपाईच्या परवानगीसह मूळ फाइल विकत घ्या. जर्सी सहसा शाळेच्या मालकीची असते, विचारल्याशिवाय फ्रेममध्ये घालू नका.

प्रश्न : सीनिअर डे, म्हणजे सीनिअर्सच्या सत्काराचा दिवस, सप्टेंबरमध्येच झाला. आता पुन्हा काही करायचं तर केव्हा?

शेवटच्या घरच्या स्पर्धेला सीनिअर डे उरकतो, त्यामुळे रीजनलमधल्या कामगिरीचा त्यात पत्ताच नसतो. ती उणीव बँक्वेटमध्ये भरून काढा. फक्त शर्यतीनंतर दोनेक आठवडे जाऊ द्या. फिनिश लाइनपाशी, मुलगा रडत असताना फुलं आणि पोस्टर घेऊन जाऊ नका. तिथे पाणी, कोरडे कपडे आणि बरोबर चालणारं माणूस एवढंच लागतं.

तारीख ठरवण्याआधी त्याला अजून धावायचं आहे का तेही विचारा. नायकी क्रॉस नॅशनल्स ही 2004 मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय शर्यत आहे आणि तिच्या विभागीय शर्यतींना स्टेटची पात्रता लागत नाही. मुलं तिथे शाळेच्या नावाने नव्हे, क्लबच्या नावाने किंवा वैयक्तिक उतरतात आणि शाळेचा गणवेश घालत नाहीत. कोचने त्या काळात सराव घ्यावा की नाही याचे नियम राज्यागणिक वेगळे, ते आधी पाहा. नोंदणीची मुदत शर्यतीच्या बऱ्याच आधी संपते, म्हणून रीजनलच्या आठवड्यातच तारीख बघून ठेवा.

प्रश्न : निवेदक आमच्या मुलाचं नाव दरवेळी चुकीचं घेतात. आजी-आजोबा भारतातून येणार आहेत.

नाव इंग्रजीत उच्चाराप्रमाणे तोडून कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा, जोर द्यायच्या अक्षराखाली रेघ मारा आणि मुलाच्या आवाजातलं पाच सेकंदांचं रेकॉर्डिंग आदल्या दिवशी निवेदकाला पाठवा. कार्यक्रमाआधी त्यांच्याकडून एकदा म्हणवूनही घ्या. निवेदकांना हे आवडतं, चुकायची भीती त्यांनाही असते.