टोपी डोक्यावर बसेना!

प्रश्न : ताई, मी साताऱ्याची. सकाळी सहाला अजिंक्यताऱ्यावर चालायला जाते आणि डिसेंबरात कान नुसते बधिर होतात. माकडटोपी नको, पोरं हसतात, म्हणून एका अमेरिकन बाईंचा व्हिडिओ बघून ती रिबवाली (उभ्या पट्ट्यांच्या विणीची), खाली घडी घातलेली बीनी टोपी विणायला घेतली. त्यांनी सांगितल्या तशा आठ नंबरच्या सुया आणल्या, 86 टाके घातले, दोन सुलट दोन उलट, सगळं तस्सं केलं. पंधरा दिवस विणली आणि झाली केवढी, तर माझ्या पाच वर्षांच्या भाच्याला बसेल एवढी! माझी वीण घट्ट आहे का? उसवू का?

उत्तर : उसव बाई, आणि वीणेला दोष देऊ नकोस, घोळ सुईच्या नंबरात आहे. आपल्याकडे सुयांना जुने इंग्लंडचे नंबर चालतात, नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक, आणि अमेरिकेत बरोब्बर उलटं. त्यांची आठ नंबर म्हणजे 5 मिलीमीटर, आपली आठ नंबर म्हणजे 4. त्यात त्या बाईंची लोकर जाड असणार. म्हणून मी तर आता नंबर बघतच नाही, दुकानात मिलीमीटर विचारते, आणि नाहीच सांगता आलं तर सुई पट्टीवर ठेवून मोजते, दुकानदार बघत राहतो, राहू दे.

तू आणलेल्या सुयांवरच कर, नवीन नकोत. आधी 32 टाक्यांचा नमुना विण, तळहाताएवढा, तोच रिब, आणि किंचित ताणून मधल्या भागात 10 सें.मी.मधे किती टाके येतात ते मोज. नमुना म्हटलं की सगळ्यांना कंटाळा येतो, मलाही येतो, पण तुझे पंधरा दिवस तिथंच गेलेत. समज 22 टाके आले. मग तुझ्या 86 टाक्यांची टोपी झाली 39 सें.मी., कशी बसेल? डोकं कपाळावरून मोज, साधारण 55 येईल. रिब ताणला जातो म्हणून टोपी सात-आठ सें.मी. कमीच ठेवायची, म्हणजे 48. त्याला लागतात 105-106 टाके. चारच्या पटीत 104 घे आणि शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक, झाले 106. तुझा नमुना वेगळा आला तर हाच हिशोब तुझ्या आकड्यानं कर.

टाके घालताना मात्र सैल हात ठेव, नाहीतर दोन सुया एकत्र धरून घाल आणि मग एक काढून घे. कड आवळली की कपाळावर वळ उठतो आणि दुपारपर्यंत जात नाही. पुढे सोप्पं आहे, कडेचा टाका, मग दोन सुलट दोन उलट, शेवटी कडेचा टाका, आणि चारच्या पटीमुळे प्रत्येक सुई, म्हणजे ओळ, सारखीच येते, उलट बाजू आली म्हणून डोकं चालवावं लागत नाही. सुलट टाके पुढे येतात, उलट मागे जातात, त्यामुळे कापड पेटीच्या भात्यासारखं मिटतं आणि ओढलं की उघडतं, कानाला घट्ट बसतं ते यामुळेच.

घडीसकट 24 सें.मी. झालं की डोकं मिटवायला घे. सुलट बाजूनं उलटाच्या जोड्या एकत्र विण, 80 टाके राहतील. परतीची सुई जसे दिसतील तसे. मग सुलटाच्या जोड्या, 54. परत एक साधी सुई, मग कडेचे दोन सोडून सगळेच दोन-दोन जोडीनं, 28. एक सुई उलट विणून पुन्हा तसंच जोडीनं, 15. लोकर लांब कापून दाभणानं या पंधरातून ओव, ओढून घट्ट गाठ मार आणि त्याच लोकरीनं कड शिवत खाली ये. घडीचा पाच-सहा सें.मी.चा भाग मात्र आतल्या बाजूनं शिव, कारण घडी घातली की आतलंच बाहेर येतं. माझ्या पहिल्या टोपीला ती शिवण कपाळावर अशी उठून दिसायची की घरच्यांनी विचारलं, टाके पडले का गं?

प्रश्न : सांगलीहून लिहितेय. नातवाची लोकरीची टोपी धुतली आणि छान दिसावी म्हणून वरून गरम इस्त्री फिरवली. आता तिचा रिब पसरलाय, आवळेल का परत?

उत्तर : नाही हो काकू, आवळणार नाही. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, गरम इस्त्री लागली की तिचा ताण कायमचा जातो. माझा एक स्वेटर असाच गेलाय, गळा पार खांद्यावर. तुम्ही खालची कड दोन बोटं आत दुमडून शिवा आणि त्यातून बारीक इलॅस्टिक ओवा, यंदाची थंडी निघेल. तशीही सांगलीतली थंडी ती केवढी!