तीन वर्षांचं मूल शाळेत नाही घातलं तर मागे पडेल का?

जून-जुलै महिन्यात माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बहुतेक आई-बाबांची काळजी एकच असते. मूल तीन वर्षांचं झालंय, शेजारपाजारची मुलं नर्सरीत जायला लागलीत, आमचं मात्र रडून गोंधळ घालतं. घरीच शिकवलं तर चालेल का? आजीचं म्हणणं, आमच्या वेळी सहा वर्षांपर्यंत पोरं अंगणातच असायची, काही बिघडलं नाही. बाबांचं म्हणणं, आता तो काळ राहिला नाही. आणि दोघांच्या मध्ये आई, जिला रात्री झोप लागत नाही.

शाळेत घाला आणि घरी ठेवा, ही दोन्ही उत्तरं मी वेगवेगळ्या घरांना दिलेली आहेत आणि दोन्ही वेळी मनापासून दिली आहेत. एका घराबद्दल सविस्तर लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाला सोनू म्हणू या.

सोनू सव्वातीन वर्षांचा. सांगलीत राहणारं कुटुंब, बाबा कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला, आई बी.कॉम. झालेली, बाळंतपणानंतर नोकरी सोडलेली, घरात आजी. जूनमध्ये त्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नर्सरीला घातलं. पहिले काही दिवस रडला, ते साहजिकच होतं. पण पुढे रडणं थांबायच्या ऐवजी वाढत गेलं. रात्री दचकून उठायला लागला. अंथरूण ओलं करणं कधीच बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू झालं. युनिफॉर्म हातात दिसला की सोफ्याच्या मागे जाऊन बसायचा. शाळेतून निरोप आला की मुलाला अजून स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन (उभी-आडवी रेघ) काढता येत नाही, बाकीची मुलं ए टू झेड म्हणतात, तुम्ही घरी सराव घ्या.

"मॅडम, मी रोज तासभर बसवते हो त्याला," आई म्हणाली. "पेन्सिल धरतच नाही. काहीच येत नाही त्याला." आणि माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "सांग ना मॅडमना, ॲपल कुठल्या कलरचं असतं?" सोनूनं मान खाली घातली आणि आईची ओढणी तोंडात धरली.

माझ्या खोलीत एका टोपलीत स्टीलचे लहान-मोठे डबे आणि त्यांची झाकणं असतात. आई बोलत होती तेवढ्यात सोनू हळूच तिकडे सरकला. एक झाकण घेतलं, डब्यावर ठेवलं, ते आत पडलं. बाहेर काढलं, दुसऱ्या डब्यावर ठेवलं, बसेना. उलटं करून पाहिलं. मग सगळी झाकणं जमिनीवर मांडली आणि सगळ्यात मोठं शोधून मोठ्या डब्यावर दाबलं. बसलं! मग त्याला युक्ती सापडली, मोठ्यापासून लहानाकडे एकेक करत गेला. शेवटी सगळ्यात छोटं झाकण उचलून मला दाखवलं, "हे बाळाचं." येऊन बसल्यापासूनचं त्याचं ते पहिलं वाक्य.

मी आईला म्हटलं, "बघितलंत? आकारानं तुलना केली, क्रम लावला, चुकलं तर दुसरा मार्ग शोधला, आणि त्या झाकणाला नातंही जोडलं. पुढे जे गणित येणार आहे, त्याचा पाया हाच." आई क्षणभर गप्प झाली. घरी हाच उद्योग केला तर त्याला 'पसारा' म्हणून ओरडा बसत होता, असं तिनंच मग सांगितलं.

अशा वेळी मी एक प्रश्न हमखास विचारते: काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मुलानं काय काय केलं, ते क्रमानं सांगा. सोनूचा दिवस असा होता. साडेसहाला झोपेतून उठवणं, घाईघाईत दूध, साडेसातला व्हॅन. वर्गात बाकावर बसून वर्कशीट. बारा वाजता घरी. मोबाइल समोर ठेवून जेवण. थोडी झोप. चार ते पाच आईजवळ सराव, म्हणजे रडारड. मग टीव्ही. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, म्हणून खाली खेळायला पाठवणं नाही. संध्याकाळी आजीबरोबर मारुतीच्या देवळात आणि येताना भाजी घेणं. रात्री आजीची गोष्ट.

त्या सगळ्या दिवसात तीन वर्षांच्या मुलाच्या खऱ्या उपयोगाचं जे होतं, ते आजीबरोबरच्या दीड-दोन तासांत होतं. देवळाच्या पायऱ्या चढणं-उतरणं, भाजीवाल्या मावशींशी बोलणं, पिशवीत टोमॅटो मोजून टाकणं, "मग काय झालं?" असं विचारत गोष्ट ऐकणं. आणि घरात नेमकं तेच कोणी शिक्षणात धरत नव्हतं.

पेन्सिलीचं आधी सांगते, कारण तिच्यावरून घराघरांत फार रडारड होते. या वयात मनगटातली कित्येक छोटी हाडं अजून कूर्चेच्याच, म्हणजे मऊ, लवचिक ऊतीच्या रूपात असतात, बोटांची पकड घट्ट झालेली नसते. कणीक मळणं, मटार सोलणं, चिंचोके डब्यात भरणं, ओल्या मातीत बोटं रुतवणं, कपडे वाळत घालताना चिमटे लावणं यांतून ती पकड तयार होते. ती होण्याआधी रेघोट्या काढायला बसवलं तर हात दुखतो आणि शिकण्याचाच तिटकारा बसतो. दुसरं नुकसान मला जास्त मोठं वाटतं.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. बिया, पानं, शिंपले, खडे हेच शिकण्याचं साहित्य. आजची अंगणवाडी आपण सगळे ओळखतो, तिच्या मागे हे काम आहे. त्या दोघींनी घर आणि शाळा एकमेकांच्या विरोधात उभी केली नाहीत, मुलाच्या ओळखीच्या जागेतच शिकणं आणलं. हा मुद्दा आजच्या पालकांनी जरूर लक्षात घ्यावा असं मला कळकळीनं वाटतं.

मग बालवाडीचा फायदा होतो की नाही? होतो. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या यप्सिलँटी गावात 1962 पासून एक प्रसिद्ध अभ्यास झाला, पेरी प्रीस्कूलचा. गरीब घरांतली 123 मुलं, त्यातल्या काहींना चांगली बालवाडी मिळाली, बाकीच्यांना नाही. चाळिशीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा बालवाडीत गेलेल्यांची नोकरी, कमाई चांगली दिसली आणि गुन्ह्यांत अडकण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण त्या बालवाडीत रोज सकाळी अडीच तास मुलं स्वतः ठरवून खेळायची आणि शिक्षिका दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन आईबरोबर बसायच्या. 'बालवाडीमुळे फायदा' म्हणताना हा भाग गाळून चालत नाही. इंग्लंडमध्ये 1997 पासून सुमारे 3000 मुलांवर जो अभ्यास झाला, त्यातही चांगल्या बालवाडीचा उपयोग दिसला आणि त्याबरोबर असंही दिसलं की आई-वडील किती शिकलेत, काय काम करतात यापेक्षा घरी मुलाबरोबर काय करतात याला जास्त वजन आहे.

सोनूच्या बाबांशी मी वेगळी बोलले. त्यांची भीती खरी होती, ती मी उडवून लावली नाही. "आता काढला तर पहिलीला चांगल्या शाळेत सीट मिळणार का?" हा त्यांचा प्रश्न. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मूल घरी ठेवलं म्हणून कोणताही नियम मोडत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षांचा एक सलग पायाभूत टप्पा मानलाय, त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे आणि पहिलीचं वय सहा धरलंय. पण व्यवहारातली अडचणही सांगितली. बऱ्याच खासगी शाळा नर्सरीलाच जागा भरून टाकतात आणि पहिलीला फार थोड्या उरतात. तुमची नजर अशा एखाद्या शाळेवर असेल तर आधी चौकशी करा, मग ठरवा. ते खरंच दोन-तीन शाळांत जाऊन चौकशी करून आले, आणि पर्याय आहेत हे कळल्यावर त्यांचा आवाज खाली आला. भरलेल्या फीचं दुःख राहिलं. नोकरदार घरात ते राहणारच.

शेवटी सोनूला त्या शाळेतून काढलं. रडतो म्हणून काढा, असं मी म्हटलं नव्हतं. नवीन जागी मूल रडतंच, आणि बाई प्रेमळ असल्या, आईला सुरुवातीला थोडा वेळ बसू दिलं, तर ते शांतही होतं. इथे आठवडे गेले तरी त्रास वाढतच होता, झोप आणि शू यांवर परिणाम झाला होता, आणि शाळेचं उत्तर 'सराव वाढवा' एवढंच होतं.

घरी काय करायचं, याचं वेळापत्रक आईनं माझ्याकडे मागितलं. मी दिलं नाही. घरातली शाळा सुरू झाली असती, पुन्हा चार ते पाच. त्याऐवजी तुमच्या कामात त्याला घ्या म्हटलं. पोळीचा छोटा गोळा त्याला द्या, धुतलेले मोजे जोडीनं लावायला सांगा, कुंड्यांना पाणी घालू द्या. जेवताना मोबाइल बंद, त्याऐवजी गप्पा. आजीची गोष्ट रात्री होतेच, दुपारीही एक होऊ दे. आणि संध्याकाळी एक तास खाली, कसंही करून. याला आई नाखूश होती, कारण कोणीतरी सोबत उतरायला हवं. मग इमारतीतल्या आणखी दोन आयांना तिनं विचारलं आणि त्यांनी पाळ्या लावल्या. तीन-चार मुलं, थोडी वाळू, जुने डबे. भांडणं झाली, चावे घेतले गेले, "माझी पाळी" हे शब्द सोनू तिथे शिकला. हे घरी एकट्या मुलाला कुठलीही आई शिकवू शकत नाही, कारण आई दरवेळी माघार घेते.

त्याच सुमारास दुसरं एक मूल माझ्याकडे होतं आणि त्याच्या घरच्यांना मी बालवाडीत घाला असं आग्रहानं सांगितलं. दोघं नोकरीला, घरी गुडघ्यांनी अधू झालेले आजोबा, मुलगी दिवसभर मोबाइलवर. अडीच वर्षं उलटली तरी दोन शब्द जोडून बोलत नव्हती. आधी कानाची तपासणी करून घेतली. बोलायला उशीर होत असेल तर हे पहिलं करायचं. शाळेत गेल्यावर आपोआप बोलेल म्हणून थांबायचं नाही. ऐकू नीट येत होतं, आणि तिला सर्वांत जास्त गरज होती बोलणाऱ्या माणसांची. तीन पूर्ण झाल्या झाल्या घराजवळच्या अंगणवाडीत जायला लागली. सेविकाताई गाणी म्हणवून घेणाऱ्या, गप्पिष्ट. त्या घरात 'घरीच शिकवा' हा सल्ला तिच्यावर अन्याय झाला असता.

सोनूच्या आईशी मला आणखी एक बोलायचं होतं. ती थकली होती. मुलाला घरी ठेवायचं म्हणजे आईनं चोवीस तास शाळेतली बाई व्हायचं, असा अर्थ घरानं परस्पर लावला होता. आईला दिवसातले दोन-तीन तास स्वतःसाठी हवे असतील आणि म्हणून मूल बालवाडीत घालायचं असेल, तर ते कारण पुरेसं आहे. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काहीच नाही. हे मी आजींच्या समोर मुद्दाम बोलले. आजी समजूतदार, म्हणाल्या, "मलाही दुपारी पडायला लागतं गं आता."

दिवाळीनंतर त्यांनी पुढच्या गल्लीतली बालवाडी पाहिली. काय पाहायचं ते मी सांगितलं होतं. भिंतीवर मुलांची चित्रं आहेत की छापील तक्ते. बाई मुलाशी बोलताना खाली बसतात का. बाहेर पळायला जागा आहे का. शू लागली तर मूल न घाबरता सांगतं का. दप्तर आणि गृहपाठ आहे का, असेल तर परत या. घरची भाषा तिथे चालते का, हेही विचारा. घाबरलेल्या मुलाला पाणी मागायचे शब्दही परक्या भाषेत शोधावे लागले, तर त्याचं तोंडच बंद होतं. त्या बालवाडीत पहिल्या दिवसांत आजी कोपऱ्यात बसून राहिल्या, मग दारापर्यंत, मग फक्त सोडायला. सोनू एकदा-दोनदा रडला. अंथरूण ओलं होणं त्याआधीच थांबलं होतं.

मार्चमध्ये बाबा एकटेच आले, शिफ्ट संपवून. मुलगा छान बोलतोय, खेळतोय, पण भावाचा मुलगा वयानं एवढाच आणि नाव लिहायला लागलाय, आता तरी लिहायला बसवू का, असं विचारत होते. मी त्यांना खडू आणि गॅलरीतली फरशी वापरायला सांगितलं, सोनूला वाटेल तेव्हा, वाटेल ते काढू दे. पेन्सिल आणि वही पाच पूर्ण झाल्यावर बघू. भावाच्या मुलाशी तुलना त्याच्यासमोर करायची नाही, हे त्यांनी कबूल केलं. आणि रविवारी सकाळी दोघांनी आमराईत जायचं ठरलं, मोबाइल घरी ठेवून.