व्हिक्टोरियन काळात वेस्ट हॅमची लोकसंख्या आणि घरे इतक्या झपाट्याने का वाढली?

मुख्य कारण असे की वेस्ट हॅम लंडनला लागून, पण लंडनच्या कायद्यांच्या कक्षेबाहेर, ली नदीपलीकडे एसेक्स परगण्यात होते. त्यामुळे 1844 च्या इमारत कायद्याने राजधानीत ज्या दुर्गंधी व घातक उद्योगांवर निर्बंध आले, त्यांना येथे मोकळी जमीन मिळाली. त्यापाठोपाठ वेस्ट हॅममधल्याच स्ट्रॅटफर्ड भागातला रेल्वे कारखाना आणि 1855 मध्ये सुरू झालेली व्हिक्टोरिया गोदी यांनी रोजगार निर्माण केला, तर कामगारांसाठीच्या स्वस्त रेल्वे भाड्यांमुळे लंडनमध्ये काम करणाऱ्यांनाही येथे राहणे परवडू लागले. दर दहा वर्षांच्या जनगणनेतून हा वेग स्पष्ट दिसतो:

1851 – 18,817
1881 – 1,28,953
1901 – 2,67,358

म्हणजे पन्नास वर्षांत सुमारे चौदा पट. 1886 मध्ये येथे नगरपालिका आली, तेव्हा गावाचे शहर केव्हाच होऊन गेले होते. शेतजमिनीचे तुकडे पाडून लहान कंत्राटदारांनी भाड्याने देण्यासाठी एकसारख्या घरांच्या रांगा उभारल्या.

मात्र मालमत्तेच्या वाढीचा अंदाज घरपट्टीच्या नोंदींवरून बांधताना सावध राहावे, कारण त्या काळी आकारणी विक्रीच्या किमतीवर नव्हे, तर अपेक्षित वार्षिक भाड्यावर होत असे. शिवाय कामगारवस्तीत भाडी कमी असल्याने माणसे वाढली त्या प्रमाणात करपात्र मूल्य वाढत नसे, आणि शाळा व गटारांचा खर्च भागवण्यासाठी घरपट्टीचा दरच चढा ठेवावा लागे.