उपयोगटीप शब्दावर नव्हे, चुकीवर लिहावी

आपला प्रश्न मी असा समजलो: जपानी-मराठी विद्यार्थी-कोशाच्या नोंदींखाली आपण शब्दांच्या वापराविषयी टिपा लिहीत आहात, त्या दिवसेंदिवस लांबत चालल्या आहेत, आणि तरीही कच्चा मजकूर वाचणारे विद्यार्थी ‘हा शब्द नेमका कुठे वापरायचा ते कळले नाही’ असेच सांगतात. मी हे काम बरीच वर्षे केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या मते अडचण लांबीची नाही, टीप कशासाठी लिहायची याची आहे. आपण शब्दाचे वर्णन करू पाहतो. विद्यार्थ्याला मात्र तो करणार असलेल्या चुकीपासून वाचायचे असते. ती चूक बहुतेक वेळा आपणच दिलेल्या मराठी अर्थातून जन्माला येते, कारण विद्यार्थी मराठी शब्द वाचतो आणि त्या शब्दाचा सगळा पसारा जपानीत घेऊन जातो. ‘किरु’पुढे ‘घालणे’ असा अर्थ दिला की सदरा, विजार, बूट, टोपी, चष्मा, अंगठी हे सारे ‘किरु’च्या पदरात पडते. जपानीत सदरा, कोट किंवा अंगभर वस्त्र यांसाठी ‘किरु’, विजार, मोजे, बूट अशा पायांतून चढवण्याच्या वस्तूंसाठी ‘हाकु’, टोपीसाठी ‘काबुरु’, चष्म्यासाठी ‘काकेरु’ आणि अंगठीसाठी ‘हामेरु’ असे वेगवेगळे शब्द आहेत. टिपेत एवढेच यायला हवे, आणि तेही वस्तूंची नावे घेऊन. ‘शरीराच्या भागानुसार क्रियापद बदलते’ हे विधान खरे असले तरी वाक्य जुळवायला बसलेल्या माणसाच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. उतरवण्याचा शब्दही तिथेच सांगावा, कारण तिथली वाटणी निराळी आहे: पहिल्या तीन क्रियापदांना ‘नुगु’ हे एकच क्रियापद पुरते, चष्मा आणि अंगठी यांना मात्र ‘हाझुसु’ लागते.

हे पटले की बऱ्याच टिपा आपोआप गळून पडतात. ‘नेको’ म्हणजे मांजर; तिथे टीप नको. ‘सुकि’ (आवडणे) या शब्दाला कर्म दाखवणाऱ्या ‘ओ’ऐवजी कर्ता दाखवणारा ‘गा’ लागतो हे इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेल्या कोशांत मोठ्या विस्ताराने समजावलेले असते, कारण त्यांच्या भाषेत आवडणारी वस्तू कर्म असते. मराठी माणूस ‘मला सुशी आवडते’ म्हणतो, त्यात सुशी आधीच कर्त्याच्या जागी बसलेली आहे. त्याला एका उदाहरणवाक्यात काम भागते. इंग्रजी कोशांतील टिपा उचलून त्यांचा मराठी अनुवाद करण्याची पद्धत मला म्हणूनच मान्य नाही. आपल्या चुका वेगळ्या असतात. ‘दार उघडले’ या मराठी वाक्यात कोणी दार उघडले की ते आपसूक उघडले हे कळत नाही, आणि ‘आकेरु’ व ‘आकु’ या दोन्हींपुढे आपण नुसते ‘उघडणे’ छापले तर तोच गोंधळ जपानीत उतरतो. ‘सकर्मक’ आणि ‘अकर्मक’ ही लेबले लावूनही तो मिटत नाही. ‘दोआ ओ आकेता’ आणि ‘दोआ गा आइता’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पहिल्याचा अर्थ ‘(कोणीतरी) दार उघडले’ आणि दुसऱ्याचा ‘दार (आपोआप) उघडले’ असा दिला, की मिटतो.

आपल्या टिपांत ‘औपचारिक’, ‘नम्र’, ‘सूक्ष्म छटा’ हे शब्द वारंवार आले असतील, तर ते आधी खोडावेत असे मी आग्रहाने सांगेन. ते लिहिणाऱ्याला समाधान देतात, वाचणाऱ्याला दिशा देत नाहीत. कोण कोणाशी बोलत आहे आणि बोलणाऱ्याने काय म्हणावे, हे लिहावे. ‘आनाता’पुढे ‘तुम्ही, आपण’ असा अर्थ आणि खाली ‘वरिष्ठांशी बोलताना टाळावे’ अशी टीप मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. टाळावे हे ठीक, पण त्याऐवजी काय म्हणावे? समोरच्याचे नाव ठाऊक असेल तर आडनावाला ‘सान’ जोडून तेच सर्वनामाच्या जागी वापरतात. शिक्षकाला किंवा डॉक्टरला ‘सेन्सेइ’, कार्यालयात ‘काचो’ (विभागप्रमुख), ‘शाचो’ (कंपनीचा अध्यक्ष) अशी पदनामे चालतात. आणि कित्येक वाक्यांत यांतले काहीच उच्चारावे लागत नाही. वाचक कोण हे लिहिणाऱ्याला माहीत नसते अशा प्रश्नावलीत किंवा जाहिरातीत मात्र ‘आनाता’ सर्रास येते. एवढे वाचल्यावर विद्यार्थी तोंड उघडू शकतो. श्रमांची दखल घेताना म्हणायच्या ‘गोकुरोसामा’ची गोष्टही तशीच आहे: ते वरच्याने खालच्याला म्हणायचे असते असा शिष्टाचार मानला जातो, तेव्हा सहकाऱ्याला किंवा वरिष्ठाला ‘ओत्सुकारेसामा देसु’ म्हणावे, हे वाक्य त्याच नोंदीखाली हवे.

एक टीप जवळून दाखवतो. ‘शिरु’ आणि ‘वाकारु’ यांवर मी पूर्वी असे लिहिले होते: ‘शिरु म्हणजे माहिती असणे, वाकारु म्हणजे आकलन होणे, दोहोंत सूक्ष्म फरक आहे.’ ही टीप वाचलेल्या एका विद्यार्थिनीला तिच्या जपानी परिचिताने सुट्टीतला बेत विचारला. बेत ठरलेला नव्हता, म्हणून तिने ‘शिरिमासेन’ असे उत्तर दिले आणि संभाषण तिथेच थांबले. माझ्या टिपेनुसार तिचे काहीच चुकले नव्हते. ‘माहीत नाही’ हेच तिला म्हणायचे होते. दोष टिपेचा होता. नंतर मी ती अशी लिहिली: ‘स्वतःचा बेत किंवा मत कोणी विचारले आणि ते ठरलेले नसेल, तर वाकारिमासेन म्हणावे. अशा वेळी शिरिमासेन म्हटल्यास “मला काय त्याचे” असा सूर लागतो. एखाद्याचा फोन नंबर, दुकानाची वेळ अशा बाहेरच्या माहितीबद्दल शिरिमासेन चालते. माहीत आहे हे सांगताना मात्र शिरिमासु नव्हे, शित्ते इमासु.’ दुसरी टीप पहिलीपेक्षा लांब आहे, पण तिच्यातील प्रत्येक वाक्य एक प्रसंग किंवा एक रूप हाती देते. शेवटचे वाक्य मी जवळजवळ गाळणार होतो, आणि विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला.

कधी कधी एका अक्षराने खात्रीचे पारडे फिरते. ‘ताशिका नि’ म्हणजे खरोखरच, निःसंशय. पण वाक्याच्या सुरुवातीला नुसते ‘ताशिका’ आले तर ‘माझ्या आठवणीप्रमाणे’. ‘ताशिका काइगि वा सान्जि देसु’ म्हणणारा माणूस बैठक तीनला आहे असे ठामपणे सांगत नसतो. दोन्हींपुढे ‘नक्की’ असा अर्थ देणारा कोश विद्यार्थ्याला चुकीच्या वेळी बैठकीला पाठवू शकतो.

उदाहरणवाक्ये स्वतः रचू नयेत, निदान पडताळल्याशिवाय छापू नयेत. जपानच्या राष्ट्रीय भाषा संस्थेने 2011 मध्ये पूर्ण केलेला समकालीन लिखित जपानीचा संतुलित संग्रह सुमारे 10 कोटी शब्दांचा आहे, आणि ‘शोनागोन’ या शोधसुविधेतून तो विनामूल्य चाळता येतो. शब्दाच्या मागेपुढे काय येते हे तिथली पन्नासेक वाक्ये वाचली की दिसू लागते. तो संग्रह लिखित भाषेचा आहे, हे मात्र विसरू नये. बोलण्यातल्या वापरासाठी जपानी माणसालाच विचारावे लागते. विचारताना ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारू नये, कारण उत्तर बहुधा सौजन्याने ‘हो’ असे येते. ‘तुम्ही हे म्हणाल का, आणि कोणाला?’ असे विचारावे.

ज्या शब्दांचा वापर बदलत आहे त्यांच्या टिपेत जे कानावर पडते आणि जे परीक्षेत किंवा पत्रात लिहावे, ते वेगवेगळे नोंदवावे. जपानचा सांस्कृतिक व्यवहार विभाग 1995 पासून दरवर्षी भाषेविषयी लोकमत-सर्वेक्षण करतो. 2015 च्या आर्थिक वर्षातील सर्वेक्षणात ‘पाहता आले’ या अर्थी ‘मिरेता’ म्हणणारे लोक ‘मिरारेता’ म्हणणाऱ्यांपेक्षा पहिल्यांदाच अधिक निघाले. अशा रूपावर ‘अशुद्ध’ असा शिक्का मारणे विद्यार्थ्याची दिशाभूल करणे आहे, आणि ते बिनधास्त लिहा असे सांगणेही तितकेच. ‘बोलण्यात सर्वत्र ऐकू येते, परीक्षेत आणि कार्यालयीन लेखनात मिरारेता लिहावे’ इतके पुरे. ‘याकुबुसोकु’चेही तसेच आहे: मूळ अर्थ ‘माणसाच्या कुवतीपुढे काम किरकोळ’, पण अनेक जण तो नेमका उलटा घेतात. तेव्हा दोन्ही अर्थ देऊन, स्वतः हा शब्द वापरण्याचे टाळावे, असे मी लिहितो.

टीप पुरी झाली की ती तपासून घ्यावी. माझी पद्धत साधी आहे. विद्यार्थ्यापुढे केवळ टीप ठेवायची, पाच-सहा रिकाम्या जागा असलेली वाक्ये द्यायची आणि आपण गप्प बसायचे. ‘किरु’ची टीप अशी तपासली तेव्हा सगळ्या जागा बरोबर भरल्या गेल्या, फक्त हातमोज्यांच्या वाक्यात बहुतेकांनी ‘हाकु’ लिहिले. टिपेत मोज्यांना ‘हाकु’ दिले होते, आणि मराठीत हातमोजे हेही मोजेच. होक्काइदोच्या बोलीत हातमोज्यांना खरोखरच ‘हाकु’ म्हणतात, पण प्रमाण जपानीत ‘हामेरु’ किंवा ‘सुरु’. त्या टिपेत आता मोज्यांच्या आधी ‘पायातले’ असा शब्द आहे आणि हातमोज्यांसाठी एक स्वतंत्र ओळ आहे.