शेतकऱ्यांसमोर तांत्रिक विषय मांडताना भाषा सोपी कशी करावी?

तुम्ही कृषी पदवीधर आहात, गावात कापसाच्या बोंडअळीवर बोलायचंय आणि जड शब्दांची भीती वाटतेय, असा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत, शब्दांच्या मागे लागू नका. कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारा), ड्रिप, बारा-एकसष्ट खत हे सगळं समोरचा माणूस तुमच्यापेक्षा सफाईनं बोलतो. घरी जाऊन नेमकं काय करायचं, ते त्याला कुणी सांगत नाही.

2017 ला गुलाबी बोंडअळीनं कापूसवाल्यांचं कंबरडं मोडलं. पुढच्या हंगामात अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आमचा कार्यक्रम होता. वरिष्ठ साहेबांनी पडद्यावर आर्थिक नुकसान पातळीचा, म्हणजे कीड किती झाली की फवारणी परवडते त्याचा, आलेख लावला. दोन रेषा एकमेकींना छेदतात, त्या बिंदूवर फवारणी! मागे एक आजोबा तंबाखू मळत शेजाऱ्याला म्हणाले, "हाऊ काय सांगी राह्यना?"

साहेब पाणी प्यायला बसले तसा मी माइक घेतला. दोन पोरांना जवळच्या शेतात पाठवलं, शेतभर फिरून 20 हिरवी बोंडं आणायला. बोंडं आली, बाहेरून सगळी चांगली. अळी बारीक असतानाच आत शिरते आणि भोक बुजून जातं, दिसणार काय? विळ्यानं एकेक चिरायला घेतलं. तिसऱ्याच बोंडात सरकी पोखरून बसलेली गुलाबी अळी निघाली. मागची माणसं उठून पुढे आली, मोजायलाही तीच लागली. 20 पैकी 4 किडकी. म्हटलं, "20 मध्ये 2 निघाली की फवारा, त्याच्या आत असेल तर पैसे खिशात राहू द्या."

"आते समजनं," आजोबा म्हणाले. वर विचारलं, नुसत्या बांधाकडच्या झाडांची बोंडं तोडली तर चालतील का? आलेखावर दिवसभर एकही प्रश्न आला नव्हता.

परतताना जीपमध्ये साहेब फणफणले, "शास्त्राचा तमाशा केलात." कसला तमाशा? पुस्तकात 10 टक्के लिहिलंय, 20 मध्ये 2 म्हणजे 10 टक्केच. कामगंध सापळ्याचंही तसंच, एका सापळ्यात रोज 8 पतंग, सलग 3 रात्री, की फवारा, एवढं सांगितलं की पुरतं. यातलं शास्त्र कुठे गळलं, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता हे सगळीकडे चालत नाही, तेही सांगतो. केळीवरचा सीएमव्ही हा विषाणूरोग विळ्यानं चिरून दाखवता येत नाही. तिथे निरोगी आणि रोगट पान शेजारी शेजारी धरा. औषधातल्या घटकाचं नाव मात्र अजिबात सोपं करू नका, कागदावर लिहूनच द्या. नाहीतर दुकानदार भलताच डबा हातात टेकवतो.

विषय हलका केला असं कुणी म्हणालंच, तर त्याला विचारा, तुमचा आलेख पाहून किती जणांनी नको ती फवारणी थांबवली? आणि प्रोजेक्टर न्यायचा तर न्या, पण दुपारच्या मंडपात त्यावर काही दिसत नाही.