वाचकांचे प्रश्न : गुणगुणणारा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर

प्रश्न : भावाने अमेरिकेतून आणलेला 15 वॅटचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर मी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर वापरतो. त्यात दोन ईएल84 आणि तीन 12एएक्स7 व्हॉल्व्ह (संकेत वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या) आहेत. या पावसाळ्यापासून त्यातून सतत गुणगुण येते आणि व्हॉल्यूम व मास्टर शून्यावर नेले तरी ती कमी होत नाही. वाजवताना मधूनच खरखरही होते. दुकानदार सगळे व्हॉल्व्ह बदलायला सांगतात. बदलावेत का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : इतक्यात बदलू नयेत. दोन्ही बटणे शून्यावर असूनही गुणगुण टिकते, याचा अर्थ ती त्यांच्यानंतरच्या भागात, म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह (तुमच्याकडचे ईएल84) किंवा वीजपुरवठ्याच्या भागात निर्माण होते आहे. तिचा स्वर कानाने ओळखता येतो. गिटार अ‍ॅम्पला न जोडता सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट दाबून वाजवावा. तो स्वर 98 हर्ट्झचा असतो. गुणगुण त्याच्याशी जवळपास जुळत असेल, किंचित चढी असेल, तर ती 100 हर्ट्झची आहे, म्हणजे आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेचे एकदिश रूपांतर झाल्यावर उरणारी लहर आहे. अशा वेळी ही लहर सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर सुकले असण्याची किंवा ईएल84ची जोडी विजोड झाली असण्याची शक्यता अधिक. गुणगुण एक सप्तक खाली असेल, तर आधी अर्थिंग तपासून घ्यावे. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरमध्ये अर्थची पिन पुढच्या सॉकेटपर्यंत जोडलेलीच नसते, आणि हा दोष गुणगुणीपेक्षाही जिवाला धोकादायक आहे.

खरखरीचे कारण बहुधा पावसाळी दमटपणाने सॉकेटच्या पिनांवर चढलेला थर हे असावे. अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून, काच पूर्ण थंड झाल्यावर प्रत्येक व्हॉल्व्ह सरळ वर ओढून काढावा, पिनांना कॉन्टॅक्ट क्लीनर लावावा आणि दोन-तीन वेळा घालून-काढून पाहावे. त्यानंतर अ‍ॅम्प सुरू करून, व्हॉल्यूम थोडा ठेवून, प्रत्येक 12एएक्स7वर पेन्सिलच्या रबराच्या टोकाने हलकेच टिचकी मारावी. ज्याच्यावर मारताच स्पीकरमधून घंटेसारखा नाद येईल, तेवढा एकच व्हॉल्व्ह बदलावा. काचेच्या टोकाला आतून असलेला चंदेरी लेप दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह गेला, असे नक्की समजावे. ईएल84 मात्र बदलायचे झाल्यास जुळवलेली जोडीच घ्यावी आणि पहिली काही मिनिटे आतल्या धातूच्या प्लेटकडे पाहत राहावे. ती लाल होऊ लागली तर अ‍ॅम्प तत्काळ बंद करावा.

स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प कधीही सुरू करू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि या यंत्रातला तो सर्वांत महागड्या भागांपैकी एक आहे.

नवी जोडी लावूनही 100 हर्ट्झची गुणगुण राहिली, तर कपॅसिटर बदलावे लागतील. ते काम कृपया स्वतः करू नका. आत 300 व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतो. व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेला जुना कारागीर तुमच्या भागात असेल, तर त्याला हे काम नवे नाही. जाताना अ‍ॅम्पसोबत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरही न्यावा आणि त्याची अर्थ-जोडणी त्याच्याकडूनच तपासून घ्यावी.