नाव जुनं, कारखाना कुणाचा?

प्रश्न : काका, माझ्या लहानपणापासून आमच्या घरात एकाच कंपनीच्या वस्तू. आधी रेडिओ, मग टेप, मग 21 इंची रंगीत टीव्ही. तो 17 वर्षं चालला. बाबा म्हणायचे, "दुसऱ्या कुणाचं घ्यायचं नाही." त्याच भरवशावर तीन वर्षांपूर्वी त्याच नावाचा 43 इंची टीव्ही घेतला. महिनाभर झाला, आवाज येतो पण चित्र नाही. सेवा केंद्रातला मुलगा म्हणतो, पॅनल (म्हणजे चित्राचा पडदा) गेलं, आता नवीनच घ्या. कंपनी बदलली, की आमचा विश्वासच चुकीचा होता?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, आधी टीव्हीचं बघू. रात्री खोलीतले दिवे घालवा, टीव्ही चालू करा आणि पडद्यावर अगदी जवळून तिरपी टॉर्च मारा. त्या उजेडात माणसं हलताना अंधुक दिसली, तर पॅनल शाबूत आहे. गेल्यात त्या बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्याला मागून उजेड देणाऱ्या एलईडी पट्ट्या. त्या बदलता येतात आणि तो खर्च नव्या टीव्हीच्या आसपासही जात नाही. फक्त पॅनल उचलताना तडकायची भीती असते, म्हणून ज्याने हे काम आधी केलंय त्याच्याकडेच द्या. दुरुस्तीनंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरावर ठेवू नका, साठ-सत्तरवर आणा. पट्ट्या उष्णतेने मरतात.

आता विश्वासाचं. तुमचे बाबा चुकले नव्हते. मी 1984 पासून सांगलीत दुरुस्तीचं दुकान चालवलं. त्या काळी ज्या कंपनीचं नाव खोक्यावर, बहुतेक वेळा तिचाच आराखडा आत असायचा. सर्किट डायग्राम मिळायचा, ईएचटी (पिक्चर ट्यूबला उच्च दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) गेला तर दहा वर्षांनीही तो मागवता यायचा. गिऱ्हाईक पुन्हा त्याच नावाकडे जायचं, कारण पहिला टीव्ही बंद पडल्यावर कुणीतरी तो उभा करून दिलेला असायचा. ही निष्ठा मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि मला तिचा आदर आहे.

पण नाव आणि कारखाना यांची ताटातूट झाली. कोडॅक म्हटलं की आपल्याला कॅमेऱ्याचा रोल आठवतो. भारतात कोडॅक नावाचे टीव्ही बनवते नोएडाची सुपर प्लास्ट्रॉनिक्स, नाव वापरायचा परवाना घेऊन. थॉमसनचेही तीच बनवते. तोशिबाचा टीव्हीचा धंदा 2018 साली चीनच्या हायसेन्सकडे गेला. फिलिप्सने 2010 मध्ये भारतातल्या टीव्हीसाठी आपलं नाव व्हिडिओकॉनला वापरायला दिलं होतं. आणि नोकिया! 2003 साली आलेला, टॉर्चवाला 1100 जगभरात 25 कोटींच्या वर खपला. नोकियाचा मोबाइलचा धंदा 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतला आणि पुढे नोकिया नावाचे फोन एचएमडी या वेगळ्याच कंपनीने परवान्यावर आणले. यात बेकायदा काही नाही आणि असा माल वाईटच असतो असंही नाही. पण तुमच्या बाबांचा विश्वास ज्या माणसांनी कमावला, ती माणसं त्या खोक्यामागे आता असतीलच असं नाही. गिऱ्हाइकाला हे दुकानात कुणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून पुढच्या वेळी समोरचं नाव नंतर वाचा, टीव्ही फिरवून मागचं लेबल आधी वाचा. उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता तिथे किंवा खोक्यावर द्यावाच लागतो. शेजारी बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) खुणेबरोबर 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये टाका, माल कुठल्या कारखान्याच्या नावावर नोंदलाय ते कळतं. मग चिपळुणात त्यांचा माणूस घरी येतो का, की टीव्ही रत्नागिरीला न्यावा लागतो, हे विचारा. पाच वर्षांनी पट्ट्या, पॉवर सप्लाय, मदरबोर्ड मिळेल का, हेही विचारा. दुकानदार अडखळला तर दुसरं दुकान बघा.

प्रश्न : फोनमधली हेडफोनची गोल पिन लावायची जागा एका कंपनीने काढली आणि सगळ्यांनी का काढली?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : ती 3.5 मिलिमीटरची पिन घरोघरी नेली 1979 च्या सोनी वॉकमनने. पहिल्या वॉकमनला तर दोघांनी मिळून ऐकायला अशा दोन जागा होत्या. सप्टेंबर 2016 मध्ये ॲपलने आयफोन 7 मधून ती जागा काढली. त्याच वर्षी काही महिने आधी मोटोरोलाच्या मोटो झेड फोनमधूनही ती गेली होती, पण लाट उठली ॲपलमुळे, कारण महागडा फोन घेणारं गिऱ्हाईक तरीही सोडून गेलं नाही. डिसेंबरमध्ये त्यांचे बिनतारी एअरपॉड्स विक्रीला आले. बाकीच्यांना कळलं की एक जागा काढली तर एक नवी वस्तू विकता येते. सॅमसंगने जाहिरातीत ॲपलची थट्टा केली आणि 2019 च्या नोट 10 फोनमधून स्वतःही ती जागा काढली.

तुझ्याकडे चांगला वायरचा हेडफोन असेल तर टाकू नकोस. टाइप-सीचा कनेक्टर घे, पण डॅक चिप (फोनमधल्या डिजिटल सिग्नलचा हेडफोनला लागणारा ॲनालॉग सिग्नल करणारी चिप) असलेलाच माग. बिनचिपचा स्वस्त कनेक्टर काही फोनवर चालतच नाही. दुकानातच स्वतःच्या फोनला लावून, गाणं ऐकून मगच पैसे दे.